उंदरांच्या एमआरआयसाठी फेरुमॉक्सिटॉल : पाच वर्षांच्या वापरानंतर

फेरुमॉक्सिटॉल हे मुळात रक्तक्षयावरचे औषध आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारामुळे ज्या प्रौढ रुग्णांच्या अंगात लोह कमी पडते, त्यांना शिरेतून देण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून 2009 मध्ये त्याला परवानगी दिली आणि ते ‘फेराहेम’ या नावाने बाजारात आले. मी डॉक्टर नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रयोगशाळेत मी लहान प्राण्यांच्या एमआरआयचे काम करते, आणि गेली पाच वर्षे हे औषध उंदरांच्या शेपटीतल्या शिरेतून देऊन त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी पाहत आले आहे. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत नव्याने हे काम सुरू करणारे विद्यार्थी अधूनमधून विचारतात, की कॉन्ट्रास्टसाठी, म्हणजे चित्रात हवा तो भाग उठून दिसावा म्हणून, कोणते द्रव्य घ्यावे. त्यांना प्रत्येक वेळी तुटक उत्तरे देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

माझे मत आधीच सांगते. उंदराच्या रक्तवाहिन्यांचे, विशेषतः मेंदूतल्या रक्ताच्या आकारमानाचे, मापन करायचे असेल तर मी वापरलेल्या द्रव्यांपैकी हे सर्वांत भरवशाचे आहे. गाठीतल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, पाहायच्या असतील तर ते उपयोगी आहे, पण तिथे फार जपून पावले टाकावी लागतात. आणि एकाच उंदराची दर आठवड्याला तपासणी करायची असेल तर ते घेऊ नये.

कुपीत काय असते, ते पाहू. 17 मिलिलिटरच्या कुपीत 510 मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे दर मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम. द्रव काळसर, तांबूस तपकिरी दिसतो. त्यातला प्रत्येक कण म्हणजे लोह ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि त्याभोवती कार्बोहायड्रेटचे, रासायनिक भाषेत पॉलिग्लुकोज सॉर्बिटॉल कार्बोक्सिमिथिल इथरचे, आवरण. आवरणासह पाण्यातला कणाचा व्यास साधारण 17 ते 31 नॅनोमीटर भरतो. द्रवाचा परासरण दाब रक्ताशी जुळावा म्हणून त्यात मॅनिटॉल घातलेले असते. या आवरणाला आणि आकाराला महत्त्व आहे. यापूर्वीची लोह ऑक्साइडची द्रव्ये, म्हणजे अमेरिकेत ‘फेरिडेक्स’ या नावाने मिळणारे फेरुमॉक्साइड्स किंवा युरोपात व जपानमध्ये वापरलेले ‘रेसोव्हिस्ट’, यांचे कण मोठे होते. यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी ते चटकन गिळून टाकत, आणि म्हणूनच ती यकृताच्या तपासणीची द्रव्ये ठरली. फेरुमॉक्सिटॉलचे कण लहान आणि नीट झाकलेले असल्यामुळे ते रक्तात दीर्घकाळ फिरत राहतात. माणसात त्याचे अर्धायुष्य सुमारे 15 तास आहे. उंदरात ते बरेच कमी आणि मात्रेवर अवलंबून असते, तरीही एमआरआयमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या, गॅडोलिनियम या धातूच्या साध्या द्रव्यांशी तुलना केली तर काही मिनिटांऐवजी काही तास हाताशी मिळतात. छोट्या प्राण्याच्या एमआरआयमध्ये हा फरक मोलाचा आहे, कारण उंदराच्या मेंदूचे बारीक तपशिलाचे चित्र घ्यायला वेळ लागतो आणि तोवर द्रव्य रक्तात टिकून राहणे गरजेचे असते.

आता एमआरआयमध्ये ते दिसते कसे. लोह ऑक्साइडचा गाभा सुपरपॅरामॅग्नेटिक असतो. चुंबकात गेला की प्रत्येक कण स्वतःभोवती एक छोटे, असमान चुंबकीय क्षेत्र उभे करतो आणि जवळच्या पाण्यातल्या प्रोटॉन्सचा ताल त्यामुळे बिघडतो. ताल बिघडला की सिग्नल लवकर विझतो आणि ती जागा चित्रात काळी पडते. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) रुग्णालयीन यंत्रावर या द्रव्याची आर-1 रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे चित्र उजळ करण्याची ताकद, सुमारे 15 आणि आर-2, म्हणजे चित्र काळे करण्याची ताकद, सुमारे 89 धरली जाते. गॅडोलिनियमच्या जुन्या परिचित द्रव्याची, मॅग्नेव्हिस्टची, आर-1 चारच्या आसपास असते. म्हणजे रुग्णालयातल्या यंत्रावर फेरुमॉक्सिटॉल रक्तवाहिन्या उजळूनही दाखवू शकते. आमचे यंत्र मात्र 7 टेस्लाचे आहे. क्षेत्र वाढले की आर-1 झपाट्याने उतरते आणि आर-2 भक्कम राहते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने चित्र घेतले तर रक्तवाहिन्या काळ्याच दिसणार, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने मनाशी पक्के करून ठेवावे. रुग्णांवरच्या शोधनिबंधातली लखलखीत अँजिओग्राफीची चित्रे पाहून हे द्रव्य मागवणाऱ्या आणि पहिल्या दिवशी काळे ठिपके पाहून निराश होणाऱ्या विद्यार्थ्यांना मी भेटले आहे. यातूनही वाट आहे. सिग्नल विझण्याच्या आत तो टिपणाऱ्या अतिअल्प इको-टाइमच्या (सिग्नल टिपेपर्यंत जाणाऱ्या वेळेच्या), म्हणजे यूटीईच्या, पद्धतीने चित्र घेतले तर 7 टेस्लावरही रक्त उजळ दिसते. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने याच द्रव्यावर आणि याच पद्धतीवर उंदीर-घुशींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे मोजमाप उभे केले आहे. त्यासाठी यंत्रावर ती पद्धत नीट बसवलेली हवी आणि ती बसवणारा जाणकार माणूस शेजारी हवा.

आमचे बहुतेक काम काळ्या चित्रांवरच चालते आणि त्याचे मला दुःख नाही, कारण या काळेपणातून आकडा काढता येतो. इंजेक्शनच्या आधी एक चित्र घ्यायचे, द्रव्य द्यायचे, ते रक्तात सर्वत्र सारखे मिसळले की दुसरे चित्र घ्यायचे. दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम इको-टाइमने भागला की प्रत्येक ठिकाणच्या रक्ताच्या आकारमानाच्या प्रमाणात असलेला एक आकडा मिळतो. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये याच तत्त्वावर, तेव्हाच्या एमआयओएन नावाच्या लोहकणांनी, घुशींच्या मेंदूतला क्रियाशील भाग नेहमीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी ठळकपणे टिपता येतो हे दाखवले होते. एमआयओएन हा प्रयोगशाळेत बनवायचा पदार्थ होता आणि बाहेरच्याला मिळवणे सोपे नव्हते. फेरुमॉक्सिटॉल आल्यावर तेच काम औषधाच्या दुकानातल्या कुपीने होऊ लागले, आणि या सोयीचे महत्त्व मला स्वतःला ठेच लागल्यावर कळले.

ती ठेच अशी. सुरुवातीला आम्ही रसायने विकणाऱ्या एका पुरवठादाराकडून संशोधनासाठी म्हणून बनवलेले लोह ऑक्साइडचे कण घेत होतो. पहिली खेप छान चालली. दुसऱ्या खेपेच्या लेबलावर आकार तोच लिहिला होता, पण उंदरांमध्ये मेंदूचे चित्र अपेक्षेइतके काळे पडेना आणि यकृत मात्र पाच मिनिटांत कोळशासारखे दिसू लागले. आम्ही आधी स्वतःच्या हातावर संशय घेतला, मग भुलीवर, मग यंत्रावर. शेवटी राहिलेला द्रव प्रकाश-विकिरणाच्या यंत्रात, म्हणजे डीएलएसमध्ये, तपासला तेव्हा कणांचे पुंजके झालेले आढळले. फेब्रुवारी महिन्यात ती पेटी माल उतरवण्याच्या धक्क्यावर रात्रभर पडून राहिली होती आणि द्रव गोठला होता. गोठल्यावर कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा वितळवले तरी सुटे होत नाहीत. बाटलीकडे नुसते पाहून ते कळत नाही. त्या एका खेपेपायी बारा उंदरांची मापने टाकून द्यावी लागली. ते बारा उंदीर परत येणार नव्हते, आणि मला आजही त्याची खंत आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांची तीन तत्त्वे रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडली: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. कॉन्ट्रास्ट द्रव्याची निवड ही यातल्या दुसऱ्या तत्त्वाशी थेट बांधलेली गोष्ट आहे. द्रव्य खेपेगणिक बदलत असेल तर मोजमापातली अनिश्चितता वाढते, आणि ती भरून काढायला गटात आणखी उंदीर घालावे लागतात.

माणसाच्या शिरेत जाणाऱ्या औषधावर निर्जंतुकपणाची, एंडोटॉक्सिनची आणि कणांच्या आकाराची जी बंधने असतात, ती संशोधनासाठीच्या कणांवर असतीलच असे नाही. एंडोटॉक्सिनचा मुद्दा विशेष सांगण्यासारखा आहे. जिवाणूंच्या कवचातला हा अंश नॅनोकणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहू शकतो, उंदराच्या भक्षक पेशींना चेतवतो, आणि मग आपण दाह पाहतो आहोत तो आजाराचा की इंजेक्शनचा हे सांगता येत नाही. त्याची नेहमीची तपासणी द्रवाची गढुळता किंवा रंग वाचून केली जाते, आणि गडद तपकिरी कणांच्या द्रवात ते वाचनच चुकू शकते. ज्यांना स्वतःच्या प्रयोगशाळेत कण बनवण्याची हौस आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण नवे आवरण, नवा गाभा याच लोकांमुळे निघतो. पण ज्याला प्रश्न रक्तवाहिन्यांचा विचारायचा आहे, त्याने रसायनशास्त्राची दुसरी आघाडी उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्रेचा हिशेब इथे तपशिलाने देते, कारण नवशिक्यांची पहिली चूक हमखास इथेच होते. 25 ग्रॅमच्या उंदराला किलोमागे 10 मिलिग्रॅम लोह द्यायचे म्हटले तर 0.25 मिलिग्रॅम लोह लागते. माणसाची 510 मिलिग्रॅमची मात्रा 70 किलोच्या देहाला किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या थोडी वर जाते, म्हणजे आपण फार वेगळ्या प्रांतात नाही. पण कुपीतल्या द्रवात ते 0.25 मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम 8 मायक्रोलिटर. शिरेतल्या सुईला जोडायची पीई-10 ची बारीक नळी आतून 0.28 मिलिमीटरची असते आणि तिच्या एक मीटर लांबीत 60 मायक्रोलिटरहून थोडा अधिक द्रव मावतो. तेव्हा ही 8 मायक्रोलिटरची मात्रा नळीच्या तोंडाशीच राहून उंदरापर्यंत पोहोचणारही नाही. म्हणून आम्ही सलाइनमध्ये दहापट पातळ करून दर मिलिलिटरला 3 मिलिग्रॅम लोहाचा द्रव करतो, आणि मात्रा 83 मायक्रोलिटरची होते. माणसाला सलाइनच्या पिशवीतून देताना दर मिलिलिटरला 2 ते 8 मिलिग्रॅम लोहापर्यंत पातळ करण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आहे, तेव्हा आमचे हे प्रमाण त्या मर्यादेतच बसते. त्यानंतर नळीतले सगळे द्रव्य आत ढकलण्यासाठी सलाइन सोडावे लागते. आमची नळी दीड मीटर आहे, तिच्यात जवळपास 92 मायक्रोलिटर मावते. दोन्ही मिळून 175 मायक्रोलिटर द्रव उंदराच्या अंगात जातो. एका दमात देण्याची नेहमीची शिफारस किलोमागे 5 मिलिलिटर, म्हणजे या उंदराला 125 मायक्रोलिटर आहे, आणि त्याच्या अंगातले सगळे रक्त जेमतेम दोन मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणून आम्ही हे सारे दोन-तीन मिनिटांत, संथपणे सोडतो. फेरुमॉक्सिटॉलला ही सवलत परवडते. गॅडोलिनियमने रक्तप्रवाह मोजताना द्रव्य झटक्यात द्यावे लागते आणि त्याची पहिली लाट टिपावी लागते; इथे आपल्याला लाट नकोच आहे, ती ओसरून रक्त सर्वत्र सारखे गडद झाल्यावरची स्थिती हवी आहे. संथ इंजेक्शनाने उंदराचा श्वास आणि हृदयाचे ठोकेही फारसे डगमगत नाहीत.

हाताच्या कामाबद्दल एक सूचना. द्रव काळपट असल्यामुळे सुई शिरेत गेल्यावर मागे येणारा रक्ताचा लाल धागा त्यात दिसत नाही. आम्ही नळी आधी नुसत्या सलाइनने भरतो, रक्त मागे आलेले डोळ्यांनी पाहतो, थोडे सलाइन पुढे सोडून शेपटी फुगत नाही याची खात्री करतो, आणि मगच फेरुमॉक्सिटॉलची सिरिंज जोडतो. शिरेबाहेर द्रव्य गेले तर शेपटीवर तपकिरी डाग पडतो आणि तो पटकन जात नाही. असा डाग दिसला तर त्या उंदराची त्या दिवसाची नोंद प्रामाणिकपणे बाजूला काढावी, कारण नेमके किती द्रव्य आत गेले हे मग कोणीही सांगू शकत नाही. भूल देण्यापूर्वी शेपटी कोमट करून घेतली की दोन्ही बाजूंच्या शिरा फुलून येतात. एवढ्या साध्या गोष्टीने टोचण्याचे प्रयत्न कमी होतात.

कुपीच्या आकाराबद्दल माझी तक्रार आहे, जरी माणसांसाठी बनवलेल्या वस्तूबद्दल ती करणे थोडे अन्यायाचे असले तरी. 510 मिलिग्रॅम लोह म्हणजे कागदोपत्री 2000 हून अधिक उंदरांच्या मात्रा. पण कुपी एकाच वापरासाठी आहे, तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचे परिरक्षक नाही, आणि बुच एकदा टोचले की उरलेले टाकून द्यावे असाच नियम आहे. काही ठिकाणी उघडलेली कुपी महिनोन्महिने फ्रिजमध्ये ठेवून वापरली जाते. आम्ही ते करत नाही. पहिल्याच दिवशी निर्जंतुक कपाटात बसून छोट्या, बंद नळ्यांत वाटणी करतो, प्रत्येक नळीवर तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहितो, आमच्या संस्थेच्या प्राणी-समितीने मान्य केलेल्या मुदतीत वापरतो आणि राहिलेले टाकतो. कुपी महाग आहे आणि त्यातला मोठा हिस्सा वाया जातो, हे मनाला लागते. पण वर सांगितलेले बारा उंदीर आठवले की तो खर्च मला पटतो. साठवणुकीचा प्रश्न मात्र नाही: न उघडलेली कुपी खोलीच्या तापमानाला, 20 ते 25 अंशांत राहते, तिला बर्फ लागत नाही आणि ती गोठवायची तर मुळीच नाही.

आता गाठींचा भाग, आणि इथे माझी स्तुती थोडी आखडती होते. इंजेक्शननंतर पहिल्या तासात जे चित्र मिळते ते रक्ताचे असते. 24 तासांनी घेतलेले चित्र वेगळेच काही सांगते. तोवर रक्तातले द्रव्य ओसरलेले असते आणि गाठीत झिरपलेले कण तिथल्या भक्षक पेशींनी गिळलेले असतात. गाठीतला उरलेला काळेपणा या पेशींचा ठावठिकाणा देतो. स्टॅनफर्डच्या हायके डालड्रप-लिंक यांच्या गटाने उंदरांच्या स्तनाच्या गाठींमध्ये हे चांगल्या रीतीने दाखवून दिले आहे, आणि ज्या काळात कर्करोगावरची कितीतरी नवी औषधे प्रतिकारशक्तीमार्फत काम करतात त्या काळात जिवंत उंदराच्या गाठीतल्या भक्षक पेशी पाहता येणे ही मोठीच गोष्ट आहे.

पण काळे दिसते ते सगळे लोहाच्या कणांचे नसते. गाठीत रक्तस्राव झाला असेल तर तिथले रक्तातले लोह असेच काळे दिसते. हवेच्या पोकळीजवळ, आतड्यातल्या वायूजवळ, टाक्याच्या धाग्याजवळ चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि तिथेही काळे डाग पडतात. म्हणून इंजेक्शनपूर्वीचे चित्र प्रत्येक उंदराचे, त्याच स्थितीत, घेतलेच पाहिजे. दुसऱ्या उंदराचे चित्र तुलनेला चालत नाही. शिवाय शेवटी ऊतींचे काप प्रशियन ब्लूने, म्हणजे लोह निळे दाखवणाऱ्या रंगाने, रंगवून लोह खरोखर पेशीत आहे का हे पाहावे लागते, आणि शेजारच्या कापात भक्षक पेशींची खूण पटवावी लागते. हे कष्ट टाळून केवळ चित्रावरून ‘भक्षक पेशी वाढल्या’ असे लिहिणारे निबंध मी वाचले आहेत, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

याहून गंभीर गोष्ट 2016 मध्ये समोर आली. त्याच स्टॅनफर्डच्या गटाने ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये दाखवले, की फेरुमॉक्सिटॉल स्वतःच उंदरांतल्या स्तनाच्या गाठींची वाढ रोखते, कारण ते गाठीतल्या भक्षक पेशींना दाह वाढवणाऱ्या, गाठीवर तुटून पडणाऱ्या रूपाकडे वळवते. उपचार म्हणून पाहिले तर ही आशेची बातमी आहे. मोजमापाचे साधन म्हणून पाहिले तर ती धोक्याची घंटा आहे, कारण ज्या पेशी मोजायला आपण हे द्रव्य देतो त्याच पेशींचे वागणे ते बदलू शकते. समजा, भक्षक पेशींवर काम करणाऱ्या नव्या औषधाची परीक्षा चालू आहे आणि दोन्ही गटांना तपासणीसाठी फेरुमॉक्सिटॉल दिले. दोन गटांत फरक दिसला तर तो औषधाचा, की औषध आणि लोह यांच्या एकत्र परिणामाचा? आम्ही आता अशा प्रत्येक प्रयोगात, फेरुमॉक्सिटॉल अजिबात न दिलेला आणि गाठीची वाढ केवळ कॅलिपरने मोजलेला, एक वेगळा गट ठेवतो. उंदीर वाढतात, पण या ठिकाणी ती वाढ टाळता येत नाही असे माझे मत झाले आहे. रक्तवाहिन्यांच्या कामात एकदाच इंजेक्शन देऊन तासाभरात चित्र घेतले की हा प्रश्न उरत नाही.

पुन्हा पुन्हा तपासणी करण्याला हे द्रव्य का चालत नाही, तेही यातूनच येते. रक्तातून निघालेले कण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींत जाऊन बसतात. तिथे ते हळूहळू विरघळतात आणि त्यांतले लोह शरीराच्या नेहमीच्या साठ्यात मिसळते, पुढे रक्ताच्या पेशी घडवायला वापरले जाते. गॅडोलिनियमच्या धातूला शरीरात असे घर नाही, आणि हा फेरुमॉक्सिटॉलचा खरा गुण आहे. पण विरघळायला वेळ लागतो. माणसांच्या बाबतीत तर औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे, की नंतरच्या तीन महिन्यांपर्यंत एमआरआयची चित्रे बदललेली दिसू शकतात. आमच्या उंदरांत यकृत आणि प्लीहा कित्येक आठवडे गडद राहतात. पोटाच्या अवयवांचे दुसरे काही मोजायचे असेल तर ते इंजेक्शनच्या आधीच उरकून घ्यावे.

पर्यायांबद्दल थोडक्यात. रक्तवाहिन्यांची भिंत किती गळकी आहे हा प्रश्न असेल तर गॅडोलिनियमची लहान रेणूंची द्रव्येच बरी, कारण फेरुमॉक्सिटॉल फार सावकाश झिरपते. गॅडोलिनियमची दुसरी बाजूही ध्यानात असावी: 2006 मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व अवयव घट्ट करणाऱ्या एनएसएफ या विकाराशी त्याचा संबंध जोडला गेला, 2014 मध्ये जपानमधून मेंदूत ते साठून राहत असल्याचे संकेत आले, आणि 2017 मध्ये युरोपीय औषध संस्थेने रेषीय रचनेच्या बऱ्याच द्रव्यांचा वापर थांबवला. मूत्रपिंडविकाराच्या उंदरांवर काम करणाऱ्यांनी म्हणूनच फेरुमॉक्सिटॉलचा विचार आधी करावा. मायक्रो-सीटीवाल्यांना याचा उपयोग नाही. या मात्रेतले लोह क्ष-किरणांना जाणवण्याइतके अडवत नाही, तिथे आयोडीन, बेरियम किंवा सोन्याचे कण लागतात. चुंबकीय कण चित्रणासाठी, म्हणजे 2005 मध्ये फिलिप्सच्या हॅम्बुर्ग प्रयोगशाळेतून जगापुढे आलेल्या एमपीआयसाठी, फेरुमॉक्सिटॉलचा सिग्नल दुबळा पडतो. तिथे रेसोव्हिस्टच्या वंशातले कण सरस ठरतात. आणि मूळ पेशींना बाहेरच लोहाने भरून मग शरीरात सोडायचे असेल, तर नुसते फेरुमॉक्सिटॉल पेशी फारसे आत घेत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जोसेफ फ्रँक यांच्या गटाने 2012 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यावर सुंदर तोडगा दिला: हेपरिन, प्रोटामिन आणि फेरुमॉक्सिटॉल हे तिन्ही माणसांसाठी मान्य असलेले पदार्थ एकत्र केले, की ते आपोआप गुंफले जातात आणि पेशी ते आनंदाने गिळतात. आम्ही ही कृती करून पाहिली आहे, आणि पेशींच्या पोषक द्रवात सीरम न घालणे हा त्यातला कळीचा टप्पा आहे, एवढे अनुभवाने सांगते.

उंदरांवरचे हे काम पुढे माणसापर्यंत न्यायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी एक इतिहास वाचूनच पुढे जावे. आधी हे औषध न विरळता, 17 सेकंदांइतक्या कमी वेळात शिरेत देता येत असे. मार्च 2015 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घातला: 2009 पासून तीव्र ॲलर्जीच्या 79 घटनांची नोंद झाली होती आणि त्यांतल्या 18 रुग्णांचा मृत्यू झाला होता. तेव्हापासून ते पातळ करून, किमान 15 मिनिटांत, रुग्णावर लक्ष ठेवून द्यावे लागते. उंदरांमध्ये मला अशी प्रतिक्रिया दिसलेली नाही, पण उंदराला काही झाले नाही म्हणून माणसाला होणार नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये; या औषधाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

भारतात हे काम करायचे असेल तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीपुढे आणि सीसीएसईएच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या, नियमांनुसार अर्ज करताना फेरुमॉक्सिटॉलचे औषध म्हणून असलेले माहितीपत्रक जोडावे. विषाक्ततेची माहिती त्यात आयती मिळते आणि समितीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात. 2021 पासून अमेरिकेत सँडोझ कंपनीचे जेनेरिकही मिळू लागले आहे. आमच्याकडे नियम असा, की सुरू असलेला अभ्यास ज्या कुपीने सुरू झाला त्याच उत्पादकाच्या कुपीने संपवायचा. नवी खेप आली, की उंदराला हात लावण्यापूर्वी तिच्या पाच वेगवेगळ्या प्रमाणांच्या नळ्या पाण्यात करून चुंबकात ठेवायच्या, आर-2 ची रेषा काढायची आणि मागच्या खेपेच्या रेषेवर ती बसते का ते पाहायचे. याला जेमतेम एक दुपार लागते, आणि त्या दुपारी एकाही उंदराला सुई टोचावी लागत नाही.